हातावरची वजाबाकी

माझा रक्तगट बी निगेटिव्ह आहे. तो दुर्मीळ समजला जातो. नक्की किती माणसांत एक, हे मला खात्रीने माहीत नाही आणि खात्री नसलेला आकडा मी लिहीत नाही. सातपूरच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. मशीनवरून उतरलेला भाग मोजायचा, ड्रॉइंगवरच्या मापाशी ताडून पाहायचा आणि बरोबर असेल तरच सही करायची, एवढंच माझं काम. अशा माणसाने स्वतःच्या अंगावर चुकीची माहिती वागवावी, हे काही बरं नाही. पण एका दसऱ्याच्या सुमाराला माझ्यावर नेमकी तीच वेळ आली.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही सिडकोत राहायचो आणि मी स्कूटरवरून कामाला जायचो. आमच्या विभागातल्या एकाला हायवेवर ट्रकचा धक्का लागला. माणूस वाचला, पण दवाखान्यात त्याचा रक्तगट कुणालाच सांगता येईना. त्याची बायको म्हणाली ए, भाऊ म्हणाला ओ, आणि मेव्हणा म्हणाला, "चांगला आहे त्याचा."

ते ऐकून मी आधी माझं पाकीट तपासलं. माझ्या रक्तगटाचं कार्ड पाकिटात असायचं, पण पाकीट हरवतं. त्याच वर्षी मेन रोडच्या गर्दीत माझं एक मारलंही गेलं होतं. हात सहसा हरवत नाही. म्हणून मी ठरवलं, की रक्तगट हातावर गोंदवून घ्यायचा.

"अहो, लोक बायकोचं नाव गोंदवतात," बायको म्हणाली.

"तुझं नाव वाचून डॉक्टर कोणती बाटली लावणार?"

हा प्रश्न मी अगदी सरळ विचारला होता. तरी त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं गोदाघाटावर गेलो. भांडीबाजाराच्या अंगाला एक गोंदणारा बसायचा. बॅटरीवर चालणारं मशीन, शाईच्या दोन बाटल्या आणि मागे नमुन्यांचा फळा: ओम, त्रिशूळ, विंचू, मोर, बाण लागलेला बदाम. रक्तगट नव्हता. मी कागदावर इंग्रजी बी काढून पुढे उणेचं चिन्ह काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

त्याने कागद पाहिला, मग माझ्या बायकोकडे पाहिलं. "ताईंचं नाव बी वरनं हाय का?"

"नाही," बायको म्हणाली.

तो खाकरला आणि हळू आवाजात मला म्हणाला, "सायेब, मग ताईंना चहा पिऊन येऊ द्या की."

रक्तगट म्हणजे काय ते त्याला समजावून सांगितलं. मग मी नव्या सुईचा आग्रह धरला. सुईतून होणाऱ्या आजाराच्या पाट्या तेव्हा शहरभर लागलेल्या होत्या आणि मी त्या सगळ्या वाचलेल्या होत्या. पाकीट माझ्यासमोर फोडा, सुई स्पिरिटमध्ये बुडवा, शाई नव्या झाकणात ओता, असं मी एकेक सांगत गेलो. तो तसं करत गेला.

"सायेब, गोंदायला बसलाय का ऑपरेशनला?" तो शेवटी म्हणाला.

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर त्याने बी काढला. तो चांगला जमला. मग उणे. इथे मी त्याला थांबवलं. उणेची रेघ बीच्या उंचीच्या बरोबर मध्यावर यायला हवी होती. वर गेली तर ती अक्षरावरची मात्रा वाटेल, खाली गेली तर कुणी अक्षराखालची रेघ समजेल. मी खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी काढली. त्याने पट्टी पाहिली, कपाळाला हात लावला, आणि मध्य सापडावा म्हणून रेघेच्या जागेच्या वर एक आणि खाली एक असे सुईचे दोन टोचे मारले. बिनशाईचे, नुसते खुणेचे. दोघांमधलं अंतर मोजून, त्याच्या बरोबर मधोमध त्याने रेघ ओढली. नऊ मिलिमीटर लांब. मी मोजली. मला समाधान वाटलं.

"आता हळद आन् खोबऱ्याचं तेल लावा," तो म्हणाला. "खाज लय सुटंल, पण खाजवायचं नाय. खपली आपसूक पडू द्यायची. उपटली की तिच्यासंगं शाई बी येती."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. बीमधली थोडी शाई गेली तरी बी ओळखू येईल. पण उणेची एवढीशी रेघ. ती खपलीबरोबर गेली तर उरेल नुसता बी, आणि नुसता बी वाचून कुणीही पॉझिटिव्ह समजेल. म्हणजे माझ्या जिवाची जोखीम त्या नऊ मिलिमीटरवर आली होती.

घरी आलो तर आई दारातच भेटली. आईचं माहेर सटाण्याकडचं. नाशकात तिची चाळीसेक वर्षं गेली होती आणि एरवी ती आमच्यासारखंच बोलायची, पण राग आला की अहिराणीवर जायची. तिच्या स्वतःच्या दोन्ही हातांवर आणि हनुवटीवर गोंदण होतं, त्यामुळे या विषयातला शेवटचा शब्द आपला, असं तिचं मत होतं. तिने माझा हात धरून उजेडात नेला.

"हाई काय शे रे भाऊ?"

"रक्तगट आहे, आई."

"आणि हाई आडवी रेघ कसाले?"

"ते वजाबाकीचं चिन्ह आहे, आई," बायकोने मागून सांगितलं. मदत म्हणून नव्हे.

आईने कपाळावर हात मारला. "हातावर वजाबाकी? अरे, गोंदणात रेघ उभी असते. नाहीतर तिच्याशेजारी ठिपका असतो. नुसती आडवी रेघ म्हणजे आडवं झालेलं माणूस. आणि पितृपक्ष चालू आहे. पितृपक्षात कुणी नवं काही करतं का?"

"नवं काय त्यात? रक्तगट जुनाच आहे."

आईने हात सोडला आणि ती देवघरात जाऊन बसली. आतून नुसता समया घासल्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांना हात दाखवला. हे डॉक्टर आमच्या घरातल्या सगळ्यांचे. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तपासणी विभागात आहात ना? तरीच." मग त्यांनी पातळ थरात लावायला मलम दिलं. हात कोरडा ठेवा, उन्हात नेऊ नका, घासू नका, खाजवू नका, आणि हळद अजिबात नको.

म्हणजे गोंदणारा म्हणत होता हळद आणि तेल, डॉक्टर म्हणत होते मलम आणि हळद नाही, आणि आई म्हणत होती हळद आणि एरंडेल. तीनपैकी दोन मतं हळदीच्या बाजूने होती. पण मतमोजणीने माप ठरत नसतं. मी डॉक्टरांचं ऐकायचं ठरवलं.

आंघोळीच्या वेळी मी हातावर दुधाची रिकामी पिशवी चढवायचो, वरून रबरबँड लावायचो आणि हात डोक्याच्या वर धरून एका हाताने तांब्या घ्यायचो. शाळेत मास्तरांना प्रश्न विचारताना करतात तसा हात. बायको बाहेरून विचारायची, "उत्तर मिळालं का?" साबण मात्र एका हाताला सापडत नसे. सापडला तरी धरता येत नसे. त्या दिवसांत माझी डावी बाजू स्वच्छ आणि उजवी बाजू अंदाजे स्वच्छ असायची.

स्कूटरवर धूळ आणि ऊन लागू नये म्हणून जुन्या पांढऱ्या मोज्याचा पंजा कापून मी त्याची बाही केली. एका हातात मोजा घातलेला माणूस सिग्नलला उभा राहिला, की रिक्षावाले वळून बघतात. एकाने विचारलंच, "काका, दुसरा धुवायला टाकला का?"

खाज सुटायला लागली तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली. खाजवायचं नाही, पण वरून थोपटलं तर चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मी थोपटायचो. जेवताना, वर्तमानपत्र वाचताना, फोनवर बोलतानाही. एकदा बाहेरगावच्या गिऱ्हाइकाबरोबर मीटिंग चालली होती. त्यांचा साहेब आमच्या मालाबद्दल तक्रार करत होता आणि मी टेबलाखाली हात थोपटत होतो. दोन-तीनदा आवाज झाल्यावर तो थांबला.

"टाळ्या कशाबद्दल?" त्याने विचारलं.

आमच्या मॅनेजरने त्याला सगळा प्रकार सांगितला. तो साहेब उठून माझ्या बाजूला आला, त्याने हात पाहिला आणि तक्रार विसरून आपल्या दंडावरचा विंचू दाखवायला बाह्या वर केल्या. त्याच्या विंचवाला नांगीच नव्हती. लहानपणी खपली उपटली, म्हणाला. मी त्या दिवसापासून थोपटणंही कमी केलं.

कारखान्यात जेवणाच्या सुटीत मी व्हर्निअरने खपली मोजायचो. व्हर्निअर म्हणजे मिलिमीटरच्या बारीक भागापर्यंत मोजणारं आमचं हत्यार. उणेची खपली फुगून साडेदहा मिलिमीटर झाली तेव्हा मी घाबरलो, पण दोन दिवसांनी ती परत आकसली. मग बीची खपली पडायला लागली आणि नेमकी उभ्या दांड्यावरची आधी पडली. खालची शाई त्या कोवळ्या कातडीत इतकी फिकी दिसत होती, की दांडा जवळजवळ नाहीसा झाला. उरलेल्या दोन गोलाया ठळक. लांबून पाहिलं तर चक्क इंग्रजी तीन दिसायचा, आणि पुढे उणे.

बायको चहा घेऊन आली. तिने कप ठेवला आणि माझ्या हाताकडे पाहिलं.

"तीन वजा किती?"

"हसू नकोस. दांडा परत दिसेल असं डॉक्टर म्हणाले आहेत."

"मी हसत नाही. गणित अर्धवट सोडलंय, एवढंच म्हणतेय."

दांडा खरंच हळूहळू परत दिसू लागला. आता फक्त उणेची खपली उरली होती. ती आणि तिच्या वर-खाली ते दोन खुणेचे टोचे, मोहरीच्या दाण्याच्या निम्म्याएवढे. त्या टोच्यांकडे माझं लक्ष नव्हतं. त्यात शाई नव्हती, म्हणून माझ्या लेखी ते नव्हतेच.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी आंघोळीनंतर पिशवी काढली, तर उणेची खपली पिशवीत पडलेली. आणि हातावर रेघ जशीच्या तशी, आठ पूर्णांक आठ. घरी पट्टीने मोजली, त्यामुळे थोडं इकडे-तिकडे धरा. मी इतका खूश झालो, की दोन्ही हातांनी टॉवेल पिळला.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. आईच्या दृष्टीने जे काही चालतं, कापतं किंवा आवाज करतं ते सगळं हत्यार. विळी, कात्री, शिलाईमशीन, मिक्सर, माझी स्टीलची पट्टी, स्कूटर. प्रत्येकावर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट, खालून वर ओढलेलं. स्कूटरच्या हेडलाइटवर जरा जास्त. सगळं झाल्यावर ती मला म्हणाली, "भाऊ, हात पुढे कर आणि डोळे मिट. देवाचं नाव घे."

मला वाटलं, प्रसाद देणार. मी डोळे मिटले आणि डावा हात उजव्याखाली धरून पुढे केला. आईने वरचा उजवा हात अलगद बाजूला सारला. मग हातावर काहीतरी ओलं आणि गार लागलं, खालून वर.

डोळे उघडले तर उणेच्या रेघेवरून कुंकवाचं लालभडक उभं बोट ओढलेलं होतं.

"झालं," आई म्हणाली. "आता उभं झालं माणूस."

"आई! प्लस केलंस!"

"मग? चांगलंच आहे की ते. बेरीज."

"अगं, ती कातडी कोवळी आहे! उद्या मला रक्त चढवायची वेळ आली तर?"

"सणाच्या दिवशी तोंडातून असं काढू नये," आई म्हणाली. "आणि देवीच्या गडावरचं कुंकू आहे ते. पक्कं. लुगड्याला लागलं तर तीन धुण्यांत निघत नाही."

बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून भांडं पडल्याचा आवाज आला.

माझी अडचण अशी होती, की कुंकू पुसायचं तर घासावं लागणार, घासलं तर कोवळी रेघ जाणार, आणि न घासावं तर लाल रंग आत मुरणार. पाणी उकळून गार करायला ठेवलं. ते गार होईपर्यंत मी हात पंख्याखाली धरून बसलो. प्रत्येक मिनिटाला माझ्या शरीरात अधिकचं चिन्ह खोल जातंय असं मला वाटत होतं. मग बायकोने वरून धार सोडली आणि मी हात तिरपा धरला. लाल पाणी बादलीत गेलं. हातावर गुलाबी उभी सावली राहिली. आई दारात उभी राहून बघत होती.

"पक्कं आहे म्हटलं ना," ती म्हणाली. आवाजात अभिमान होता.

दसरा झाल्यावर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात पाहिला आणि ते खुर्चीला टेकले.

"रक्तगट बदललेला पेशंट माझ्याकडे पहिल्यांदाच येतोय."

"डॉक्टर, हे जाईल का?"

"वरची कातडी निघेल तसं जाईल. आणि एक सांगू का? रक्त देण्याआधी आम्ही तपासतोच. हात वाचून कुणी रक्त लावत नाही."

"म्हणजे हातावर चुकीचं लिहिलेलं असलं तरी चालेल?"

"न लिहिलेलंही चाललं असतं."

जिवाची जोखीम गेली, हे चांगलंच झालं. पण घरी येताना मला मोकळं वाटत नव्हतं. माझ्या विभागातून चुकीच्या मापाचा भाग कधी बाहेर गेला नव्हता. तो कुणी वापरणार की नाही, हे आम्ही बघत नसू. माप चुकलं की चुकलं. आणि इथे माझाच हात, कातडी निघेपर्यंत का होईना, खोटं सांगत राहणार होता.

गुलाबी सावली जायला दिवाळी उजाडली. उभी रेघ हळूहळू फिकी झाली आणि एक दिवस संपली. उणे काळ्याभोर शाईत स्वच्छ उभं होतं, म्हणजे आडवं होतं. पण त्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन लालसर ठिपके मागे राहिले. ते खुणेचे टोचे! त्यांच्या बारीक छिद्रांत कुंकू शिरलं आणि आत बसलं. मी मध्य काढायला लावला नसता तर छिद्रं पडली नसती, हे बायकोने मला त्या आठवड्यात बऱ्याच वेळा सांगितलं.

मधे आडवी रेघ, वर ठिपका, खाली ठिपका. तिसरीतलं मूलही वाचू शकेल. बी भागिले.

डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते उठून बेसिनपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहून तोंड धुऊ लागले. त्यांचे खांदे हलत होते. "असा रक्तगट अजून निघालेला नाही," ते टॉवेल घेत म्हणाले. "निघाला तर तुम्हीच पहिले."

आई मात्र प्रसन्न होती. "ठिपके आले ना? आता गोंदण झालं. आधी नुसतंच होतं." शेजारच्या बायकांना तिने हात दाखवायला मला दोनदा बाहेर बोलावलं.

मी बायकोला घेऊन परत घाटावर गेलो. गोंदणाऱ्याने मला ओळखलं आणि आधीच नवी सुई काढून ठेवली.

"हे ठिपके काढता येतील का?"

"काढायचं मशीन नाय सायेब. घालायचं हाय."

म्हणजे जे आहे त्यात भर घालूनच ते बरोबर करायचं होतं. रेघ लांब करावी का? मग ती भागाकाराची लांब रेघ झाली असती. चौकट काढावी? चौकटीतला भागाकार. मी घाटाच्या पायरीवर बसून बराच विचार केला. शेवटी एकच मार्ग दिसला. चिन्हावर विश्वास न ठेवता शब्दच लिहायचा. बीच्या खाली मराठीत, पूर्ण अक्षरांत, "निगेटिव्ह".

"मराठीत?" बायको म्हणाली. "आणि अपघात गुजरातेत झाला तर?"

"तिथलेही लोक वाचतील. वरची रेघ नसली तरी अक्षरं बरीचशी सारखीच असतात."

"मग पत्ताही लिहून घ्या. खाली जागा आहे."

शब्द लिहून झाला. या वेळी मध्य काढायचा नव्हता. पुन्हा दुधाची पिशवी, पुन्हा मोजा, पुन्हा थोपटणं. फरक एवढाच, की आई रोज स्वतःहून हात बघायला यायची. मी तो लगेच मागे घ्यायचो. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने चष्मा लावून नीट पाहिलं. आई मोजकं वाचायची, अक्षरावर बोट ठेवून. बोट हाताला लावू नको, असं मी बजावलं, तेव्हा तिने ते हवेत धरून एकेक अक्षर ओलांडलं.

"याच्यात उभ्या रेघा पुष्कळ आहेत रे."

"आहेत ना."

"ही वेलांटीची, ही एक, ही एक, पुन्हा ही वेलांटीची..." ती मोजत गेली आणि शेवटी मान हलवली. "आधीच असं लिहायचं. एवढा खटाटोप कशाला केला?"

मी हात मागे घेतला.

गोंदवल्यावर वर्षभर रक्त देऊ नये असं मला सांगितलं होतं, म्हणून मी पूर्ण वर्ष थांबलो आणि मग कारखान्यातल्या रक्तदान शिबिराला गेलो. तिथल्या सिस्टरने माझी बाही वर केली, हात वाचला, आणि लगेच बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर थेंब घेतले. मी पट्टीवरून नजर हलवली नाही. तिने थेंबांत काहीतरी मिसळलं, पट्टी हलवली, उजेडाकडे धरली.

"बी निगेटिव्ह," ती म्हणाली. "हातावर बरोबर लिहिलंय."

"लिहिलेलं आहे ते तपासूनच लिहिलं आहे," मी म्हणालो.

"हो, पण बी भागिले निगेटिव्ह का?"

"सिस्टर, ते दोन ठिपके धरू नका. ते आमच्या आईने घातलेत."

तिने पुन्हा एकदा हाताकडे पाहिलं, पेनचं टोपण काढलं आणि कार्डावर नुसतं "बी निगेटिव्ह" लिहिलं. मी कार्ड घेतलं, हाताशेजारी धरून ताडून पाहिलं, आणि पलंगावर आडवा झालो.